इंजिनांच्या नंबरांची वही

माझी थोरली बहीण तीन वर्षं माझ्याशी बोलत नव्हती आणि यात तिची काडीचीही चूक नव्हती.

तीन वर्षांपूर्वी लातूरला तिच्या मुलीचं, गौरीचं लग्न झालं. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी तिचा मामा उभा राहतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गौरीला मामा एकच, तो म्हणजे मी. आणि मी उभा नव्हतो. मुहूर्त टळायला लागला तशी अक्काने हाताला लागेल तो पुरुष माझ्या जागी उभा केला. तो मंगल कार्यालयाचा मॅनेजर निघाला. आज गौरीचा अल्बम उघडला तर प्रत्येक महत्त्वाच्या फोटोत तिच्या मागे एक अनोळखी गृहस्थ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून, अत्यंत जबाबदारीने उभा आहे. (माझ्यापेक्षा तो शोभतोही, पण ते असो.)

मी पोचलो तेव्हा दुसरी पंगत बसत होती.

"रिक्षा पंक्चर झाली," मी सांगितलं.

अक्काने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि वाढप्याला म्हणाली, "ह्यांना जेवायला वाढा." सख्ख्या भावाला 'ह्यांना'! त्यानंतर तीन वर्षं एक शब्द नाही. दिवाळीला नाही, राखीला नाही, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाही नाही. निरोप द्यायचा तर ती माझ्या बायकोला फोन करायची आणि माझा उल्लेख 'घरातले' असा करायची.

रिक्षा पंक्चर झाली नव्हती, हे तुम्ही ओळखलंच असेल. मी लातूर स्टेशनवर होतो. पाहुणे उतरवून घ्यायला गेलो होतो, पाहुणे उतरले, त्यांना रिक्षात बसवून मी पुढं धाडलं आणि पाहतो तो शेजारच्या रुळावर नवंकोरं विजेचं इंजिन उभं. प्लॅस्टिकचं वेष्टणसुद्धा अजून पुरतं निघालं नव्हतं. म्हटलं, दोन मिनिटं बघू. पुढचं मला आठवत नाही. भानावर आलो तेव्हा माझ्या भाचीचं लग्न लागलेलं होतं.

हा रोग जुना आहे. पन्नास वर्षांपूर्वी आम्ही नांदेडला स्टेशनमागच्या गल्लीत राहायचो. तेव्हाचं नांदेड स्टेशन आता डोळे मिटल्याशिवाय दिसत नाही. रूळ अरुंद होते, गाड्या लहान होत्या, पण इंजिनं कोळशाची होती आणि त्या इंजिनांना जीव होता. मनमाडकडून एक आणि सिकंदराबादकडून एक अशा दोन गाड्या समोरासमोर येऊन थांबल्या की फलाटावर पाय ठेवायला जागा नसायची. एक इंजिन सोंडेसारख्या नळाखाली पाणी पीत उभं राहायचं, दुसरं राख झाडायचं, हमाल ओरडायचे, पेरूवाल्या बायका त्यांच्याहून मोठ्यानं ओरडायच्या, आणि एवढ्या कल्लोळात स्टेशनावरचा माणूस टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर लोखंडी दांड्याने टोले द्यायचा. तो आवाज ऐकला की मी ताटावरून उठायचो. वडील म्हणायचे, "ह्या पोराच्या पोटात कोळसा टाका, जेवण नका वाढू."

मी एकटा नव्हतो. अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आणि तिची नजर घारीची. शाळा सुटली की दोघं दप्तरासकट फलाटावर. इंजिन लांब वळणावर असतानाच ती त्याच्या कपाळावरचा नंबर वाचायची आणि मी लिहायचो. वडिलांच्या दुकानातून एक लांबट, लाल कापडी बांधणीची दोनशे पानी कोरी वही मी पळवली होती. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: 'वाचणार – अक्का. लिहिणार – शिवा.' खाली रकाने पाडलेले. तारीख, वेळ, नंबर आणि शेरा. शेऱ्यात 'शिट्टी घोगरी', 'वाफ झकास', 'डायवरने हात केला' अशा मौल्यवान गोष्टी असत. फलाटावरचे तिकीट तपासनीस आम्हाला रोज विचारायचे, "ये नंबरां लिख को क्या करते रे तुम दोनों?" अक्का ठणकावून सांगायची, "जपून ठेवतो."

मग अठराव्या वर्षी अक्काचं लग्न झालं आणि ती लातूरला गेली. लग्नाचं मला काही वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी फलाटावर उभा राहिलो, वळणावर इंजिन दिसलं, आणि नंबर सांगायला शेजारी कोणी नव्हतं. मी हमसून हमसून रडलो. लोकांना वाटलं डोळ्यात कोळशाचा कण गेला असेल.

पुढं वाफेची इंजिनं गेली, रूळ रुंद झाले, डिझेल आलं, आता तेही जाऊन वीज आली. इंजिनं देखणी झाली पण मुकी झाली. आता नांदेड स्टेशनवर सरकते जिने आहेत, चकचकीत फरशी आहे, आणि फलाटावरचा प्रत्येक माणूस हातातल्या मोबाइलमध्ये गाडी कुठवर आली ते बघत असतो. खरीखुरी गाडी समोर येऊन उभी राहिली तरी तो मान वर करत नाही. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झालो, आणि आता वाटतं की जगात ज्या एकाच विषयात आपल्याला गती होती तो विषयच रद्द झाला. फार उदास वाटतं. मात्र वही मी सोडली नाही. मोका मिळेल तिथं, मिळेल तेव्हा, एखादी नोंद गुपचूप होतेच. बायकोला वाटतं ती माझ्या लहानपणाची आठवण आहे आणि म्हणून मी ती कपाटात कुलपात ठेवतो.

तर त्या मंगळवारी बायको, सुनंदा, फोन ठेवून बाहेर आली.

"अहो, अक्काचा फोन होता. गौरीला पोरगी झाली."

"अरे वा!"

"अक्का उद्या किनवटला चालल्यात. गौरी शिकवती त्या शाळेतून तिला रजा न्हाई मिळाली माहेरी यायला, बाळंतपण तिकडंच झालं. जादा गाडी सोडलीय म्हणं लातूरहून, नांदेडवरून पुढं जाते. दुपारी चारला नांदेडला येती. धा मिनिटं थांबती." मग जरा थांबून म्हणाली, "घरातल्यांना यायचं असंल तर या म्हणावं, म्हणाल्या. न्हाई आले तरी काही अडून न्हाई राहिलं, असं बी म्हणाल्या."

मी खुर्चीत बसलो. तीन वर्षांत पहिल्यांदा दार किलकिलं झालं होतं. आपल्या गावावरून नातलग गाडीने जाणार असला की डबा घेऊन फलाटावर जायचं, ही आमच्या घरची जुनी रीत. खिडकीतून डबा द्यायचा, खिडकीतूनच पोराबाळांची चौकशी करायची, गाडी हलली की दहा पावलं सोबत चालायचं. त्या दहा मिनिटांत मिटलेली भांडणं मी पाहिली आहेत. ही दहा मिनिटं साधली तर बारशाचं बोलावणं येईल. नाही साधली तर अक्का पासष्टीच्या पुढं गेलेली आणि मी तिच्या मागोमाग, आता राहिलेत किती दिवस?

"मी वेळेच्या आधी जाऊन उभा राहीन," मी म्हणालो.

"तसं तुमचं नशीबच वाईट हो," सुनंदा हळहळली. "गौरीच्या लग्नात रिक्षा पंक्चर. आपल्या लग्नात वरातीची जीप बंद पडली, दोन घंटे मी हळद लावून बसले होते. एकदा तरी गाडीनं साथ द्यावी."

मी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून तिने धपाटे केले, शेंगांची चटणी कुटली, दही घट्ट बांधलं आणि बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू वळले. चार पुड्यांचा स्टीलचा डबा भरला. तो उचलताना माझा खांदा खाली आला. मी कपाटातून लाल वही काढली. मनात बेत असा की पहिलं पान अक्कासमोर धरायचं. 'वाचणार – अक्का' बघून दगडालाही पाझर फुटला असता. वही मी एका कापडी पिशवीत घातली. पिशवीवर गौरीचं आणि जावयाचं नाव छापलेलं होतं, लग्नात वाटलेलीच ती पिशवी होती. (माझ्या वाट्याला लग्नातलं तेवढंच आलं होतं.)

आता प्रश्न गाडीतला अक्काचा डबा फलाटावर कुठं लागणार याचा. अक्काने सुनंदाला फोनवर सांगितलं होतं की लातूरला तिचा डबा इंजिनामागून दुसरा आहे. सुनंदा म्हणाली, "मंग आपण पुढच्या टोकाला उभं राहू."

मला हसू आलं. अशा हसण्यामुळेच माणसाचं वाटोळं होतं, पण ते नंतर कळतं.

"अगं, परळीला इंजिन या टोकाचं काढतात आणि त्या टोकाला लावतात. गाडीचं तोंड फिरतं. म्हणजे लातूरला जो डबा पुढं, तो नांदेडला मागं." मी तिला वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर काढूनही दाखवलं. बाण वगैरे केले.

"बघा बापा. तुम्ही मास्तर."

स्टेशनवर तीनला पोचलो. गाडी दीड तास उशिरा होती. आम्ही मागच्या टोकाला जाऊन उभे राहिलो, जिथं फलाटाचं छप्पर संपतं आणि ऊन सुरू होतं. डोक्यावरच्या पाटीवर लाल अक्षरं आली आणि अक्काचा डबा पुढच्या टोकाला दाखवू लागली.

"अहो, ते बघा की. पुढं दाखवून राहिलं."

"जादा गाडी आहे. जादा गाडीला पाटीवरचं काही खरं नसतं."

चहावाला जवळ आला. त्यालाही सुनंदाने विचारलं. तो म्हणाला, "पुढंच येतंय काकू, लातूरच्या गाड्यांचं रोजचं हाय."

"तू चहा दे," मी त्याला म्हणालो. पन्नास वर्षं मी या फलाटावर उभा राहिलेला माणूस, मला हा काय सांगणार. तो खांदे उडवून गेला. सुनंदाने पदराने कपाळ पुसलं आणि डबा माझ्या हातात दिला, कारण तिचे गुडघे बोलायला लागले होते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात वहीची पिशवी, असा मी ताठ उभा. दर दहा मिनिटांनी भोंग्यातून गाडी अजून उशिरा आहे, असं एक बाई अत्यंत आनंदाने सांगत होती.

साडेपाच वाजता गाडी आली.

मी मनाशी शपथ घेतली होती की आज इंजिनाकडे बघायचंसुद्धा नाही. फक्त खिडक्या बघायच्या, अक्काचा चेहरा बघायचा. आणि मी पाळलीही असती. पण वळणावरून जे आलं ते मी आजवर पाहिलेलं नव्हतं. दुहेरी इंजिन, एकाला एक जोडलेलं, लांबलचक, आणि रंगसुद्धा वेगळा. माझे पाय जमिनीला चिकटले. मी डबा खाली ठेवला, खिशातलं पेन काढलं आणि वही पिशवीतून काढायला वेळ नव्हता म्हणून तळहातावर नंबर लिहायला लागलो. पाच आकडे. फार तर सहा सेकंद.

इंजिनामागून पहिला डबा गेला. इंजिनामागून दुसरा डबा गेला. मी तिसरा आकडा लिहीत होतो.

"अहो!" सुनंदा किंचाळली. "अक्का गेल्या की! खिडकीतून हात करून राहिल्या होत्या! तुमच्या म्होरून गेल्या!"

मी मान वर केली तेव्हा अक्काचा डबा फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाकडे निघाला होता. तिने मला पाहिलं होतं. तीन वर्षांनी भाऊ दिसला तो मान खाली घालून तळहातावर काहीतरी खरडताना.

मग आम्ही पळालो. 'पळालो' हा शब्द मी सवलतीने वापरतोय. माझं वय चौसष्ट, हातात चार पुड्यांचा डबा, मागं सुनंदा आणि तिचे दोन गुडघे. बावीस डब्यांची गाडी. उतरणारी माणसं, चढणारी माणसं, त्यांच्या गोण्या, एका कुटुंबाचं तर शिलाई मशीन. मी एका कुत्र्यावरून उडी मारली आणि उतरताना एका फौजदाराच्या बुटावर उतरलो. तो काही बोलण्याआधी मी पुढं होतो. आठव्या डब्यापाशी दही सांडायला लागलं. बाराव्या डब्यापाशी आनंदी बाईने भोंग्यातून सांगितलं की उशिरामुळे गाडी दहाऐवजी तीनच मिनिटं थांबेल. मला त्या बाईचा गळा धरावासा वाटला.

इंजिनामागच्या दुसऱ्या डब्यापाशी पोचलो आणि गाडीने शिट्टी दिली. अक्का खिडकीत होती. केस पार पांढरे झाले होते. माझी छाती भात्यासारखी हलत होती. तीन वर्षं मी या क्षणासाठी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एक आठवेना.

बोलली तीच. तीन वर्षांनंतरचं तिचं पहिलं वाक्य असं: "लातूर रोडला बी इंजिन फिरतंय की रे, बैला!"

लातूर रोड! तिथं एकदा आणि परळीला एकदा, म्हणजे दोनदा तोंड फिरून गाडी जशीच्या तशी. भूगोल शिकवला मी, तीस वर्षं. पोरांच्या पेपरांवर मी लाल शाईने 'नकाशा नीट पाहा' असं लिहायचो.

"डबा घे," एवढंच मला म्हणता आलं. मी डबा खिडकीला लावला. तो गजांतून जाईना. आडवा केला, उभा केला, तिरका केला. चार पुड्यांचा डबा आणि खिडकीचे आडवे गज यांचं जमणं शक्यच नव्हतं. गाडी हलली. दार दोन हातांवर होतं, सगळं जग त्या दारातून चढत-उतरत होतं, पण माझी अक्कल त्या खिडकीतच अडकली होती. सुनंदा मागून ओरडत होती, "दारातून द्या! दारातून!" मला एवढंच कळत होतं की आपल्याकडून काहीतरी अक्काच्या हातात जायला हवं, रिकाम्या हाताने तिला जाऊ द्यायचं नाही. मी डबा मागं ओढला आणि जे गजांतून जाईल ते ढकललं. पिशवी अलगद आत गेली. अक्काने ती धरली. माझ्या बोटांना तिची बोटं लागली.

गाडी गेली. मी तिथंच उभा होतो, पँटीला दही लागलेलं, डोळ्यांत पाणी. सुनंदा धापा टाकत येऊन पोचली.

"डबा तर इथंच हाय. मंग दिलं काय त्यांना?"

"वही. लहानपणची." मी हसलो. खरंच फार बरं वाटत होतं. "पहिलं पान बघेल, तिला आठवेल सगळं."

"आन् मंग बाकीची पानं?" सुनंदाने सहज विचारलं.

 मी तिथल्या तिथं डब्यावर बसलो. बाकीची पानं. लातूर, गौरीच्या लग्नाचा दिवस, सकाळी अकरा चाळीस. तीही नोंद त्या वहीत होती, माझ्या स्वच्छ अक्षरात. आणि ती आता ताशी साठ-सत्तरच्या वेगाने किनवटकडे चालली होती, घारीची नजर असलेल्या बाईच्या मांडीवर.

रात्री फोन आला. थेट मला.

"शिवा, रिक्षा पंक्चर झाली होती न्हवं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

ती वाचायला लागली, लहानपणी वाचायची तशी, खणखणीत. "'लातूर. अकरा चाळीस. नवीन विजेचे. शेरा: डोळ्यांचे पारणे फिटले.' अकरा सत्तेचाळीसचा मुहूर्त होता रे. माझ्या लेकीच्या मागं त्यो किल्ल्यावाला उभा होता, आन् तुझं पारणं फिटायलं होतं."

"चुकलं अक्का."

 मागं कुठंतरी बाळ रडत होतं. मग ती म्हणाली, "आजच्या इंजिनाचा नंबर काय होता?"

मी तळहात बघून पाचही आकडे घडाघडा सांगितले. सांगून झाल्यावर कळलं की आपण आजचा गुन्हाही कबूल केला.

"थांब. पुन्यांदा सांग, हळू," ती म्हणाली. "वही माझ्यापाशी हाय. लिहिते." आणि तिने लिहिला. मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, "बारशाला ये. आदल्या दिवशी ये. आन् बसनं ये."

मी फोन ठेवला आणि लहान पोरासारखा रडलो. या वेळी कोळशाचा कण म्हणायचीही सोय नव्हती.

गोष्ट इथं संपली असती तर मी सुखी माणूस ठरलो असतो. पण अक्काने ती वही परत केलेली नाही. ती आता पहिल्या पानापासून रीतसर वाचते आहे आणि तारखा जुळवते आहे. रोज सकाळी आठला फोन येतो. तिच्या साखरपुड्याला मला ताप आला होता, तो ताप नव्हता. थोरल्या काकांच्या दिवसकार्याला माझी सायकल चोरीला गेली होती, ती स्टेशनबाहेर उभी होती. ती वाचते आणि मी 'हाव' म्हणतो. तीन वर्षांचा तो अबोला किती शांत होता, हे आता कळतंय.

काल एक्केचाळिसावं पान झालं. सुनंदा हे फोन मोठ्या आवाजावर लावते आणि ऐकायला चहा घेऊन माझ्या शेजारी बसते. आमचं लग्न एकशे बाराव्या पानावर आहे.